तीनदा धुतलेली पूड

यंत्राच्या पडद्यावरची रेघ चौथ्या मिनिटाला उठली, नेहमीसारखी, आळसावलेल्या मांजरीनं पाठ उंचवावी तशी, आणि तिला बरं वाटलं. चौथ्या मिनिटाला मिथेन येतो. गेले आठ महिने तो त्याच वेळेला, ठरल्या गाडीनं येणाऱ्या पाहुण्यासारखा येत होता आणि दर वेळी तिला तेवढंच बरं वाटत होतं. तिनं वहीत वेळ लिहिली, उंचवट्याची उंची लिहिली आणि सवयीनं खोट्या सूर्याकडे वळून बघितलं. खोटा सूर्य म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा एक दिवा. पण प्रयोगशाळेत सगळे त्याला सूर्यच म्हणत आणि ‘सूर्य कुणी चालू ठेवला’ म्हणून एकमेकांवर डाफरत. त्याच्या उजेडात काचेचं भांडं, भांड्यात पाणी, पाण्यात गरगर फिरणारी करडी पूड. भांड्यातून निघालेली नळी भिंतीशी उभ्या असलेल्या दोन सिलिंडरांकडे जात होती. एक नायट्रोजनचा, भांड्यातली हवा हाकलून लावायला. दुसरा कार्बन डायऑक्साइडचा; धुराड्यातून निघतो तोच हा वायू, आणि उन्हाच्या जोरावर त्याचं पुन्हा इंधन, म्हणजे मिथेन, करायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या दुसऱ्या सिलिंडरची चावी बंद होती. ती उठून जवळ गेली. चावी नुसती बंद नव्हती, सकाळपासून उघडलेलीच नव्हती. शुक्रवारी निघताना चावीला अडकवलेली ‘बंद केला’ ही तिच्याच अक्षरातली चिठ्ठी जागच्या जागी होती. म्हणजे भांड्यात कार्बन डायऑक्साइड गेलाच नव्हता. आणि मिथेन आला होता. जात्यात दाणा घातला नव्हता आणि पीठ पडलं होतं.

असं कसं झालं हे आठवायला फार वेळ लागला नाही. अर्धा तास नायट्रोजन सोडून झाला होता, ती दुसऱ्या चावीकडे हात नेणार, तेवढ्यात ताईंचा फोन आला. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. दहा महिन्यांपूर्वी नोकरीतून सुटल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात बॅग घेऊन यांच्याकडे आल्या, हिच्या लेकीला, मुंगीला सांभाळायला. मुंगी तेव्हा पाच महिन्यांची होती. फोन टोपीसाठी होता. मुंगीला बाहेर न्यायचं होतं आणि कान झाकणारी टोपी सापडत नव्हती. वाळत घातलीय का, नाही, मग पिशवीत असेल, कुठल्या पिशवीत, अहो ताई, तिच्या डोक्यावर नाही ना एकदा बघा. पलीकडून ताईंचं हसू आलं. त्या हसण्यात तीही सामील झाली आणि हसता हसता दुसऱ्या हातानं भांड्याचं तोंड बंद करून तिनं सूर्य लावला. हात आपली कामं आपण करायला शिकले होते. त्याचं तिला कौतुकच होतं. एका हातानं पोर आणि दुसऱ्यानं पातेलं, एका कानानं सरांचं बोलणं आणि दुसऱ्यानं घड्याळ.

आता खरं तर काहीच झालं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चावी उघडायची, अर्धा तास वायू सोडायचा, सूर्य पुन्हा लावायचा, वहीतलं हे पान ‘प्रयोग फसला’ म्हणून काट मारून सोडून द्यायचं. फसलेले प्रयोग वहीत पैशाला पासरी असतात, त्यांचा जाब कुणी विचारत नाही. लेख छापायला जायच्या बेतात होता. उद्या अकरा वाजता पाहणीला समिती येणार होती, आणि सर समितीपुढे हाच उंचवटा ठेवणार होते. दोन महिन्यांनी तिच्या जागेची मुदत संपत होती, ती वाढणार की नाही हे ज्या कागदावर ठरायचं त्या कागदावरही हाच उंचवटा होता. तिचा हात चावीपर्यंत गेला आणि चावीवर नुसता राहिला. लोखंड गार होतं. तिला वाटलं, आपण काही लपवत नाही आहोत, फक्त राहिलेली एक गोष्ट करतो आहोत. तेवढ्यात तिला हेही कळलं की हे वाक्य आपण मनात फार व्यवस्थित बोललो. आपल्याला व्यवस्थित वाक्यं केव्हा सुचतात हे तिला ठाऊक होतं. तिनं हात काढून घेतला.

मग ती पहिल्यांदा भांड्यावर घसरली. भांडं खराब असेल, तळाशी काही चिकटलेलं असेल, तोंडाला लावलेलं ग्रीज उन्हात फुटत असेल. भांडं घेऊन ती जिन्याखालच्या खोलीत काचकाकांकडे गेली. काचकाका तीस वर्षं काच फुंकत होते. गाल कायमचे सैल पडलेले, भुवया अर्ध्या जळालेल्या. भांड्यात घाण असेल का, असं तिनं विचारल्यावर त्यांनी भांडं उजेडात धरलं, उलटं केलं, वास घेतला आणि म्हणाले, पूड तुमची, पाणी तुमचं, ऊन तुमचं, आणि खापर माझ्या काचेवर? ती म्हणाली, काका, खापर फोडत नाही, शंका फेडतेय. ते कुरकुरत आत गेले आणि भट्टीतून नुकतंच काढलेलं नवं भांडं घेऊन आले. पाचशे अंशांत रात्रभर भाजलंय, म्हणाले, यात पाप शिल्लक नाही. तोंड घासून घट्ट बसवलंय, ग्रीजचं बोटही लावू नका. मग नेहमीप्रमाणे विचारलं, लेक काय म्हणते? काही म्हणत नाही अजून, ती म्हणाली. बरंय, काका म्हणाले, म्हणायला लागली की आपल्याला ऐकावं लागतं.

नव्या भांड्यात तिनं तीच पूड घातली, नवं पाणी घातलं आणि या वेळी ठरवून, डोळे उघडे ठेवून, फक्त नायट्रोजन सोडला. सूर्य लावला. दोन तास थांबायचं होतं. ती स्टुलावर बसली. खोलीत पंख्याची घरघर होती आणि भांड्यात फिरणाऱ्या चुंबकाची टकटक. ही पूड म्हणजे उत्प्रेरक, आणि शाळेत असताना त्याची एक व्याख्या पाठ होती, उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः खर्च होत नाही. एका गुणाची रिकामी जागा यायची, ‘खर्च’ हा शब्द भरायचा. तिनं तो गुण कधी गमावला नव्हता. पुढे याच विषयात पडल्यावर तिला या वाक्याचं नवल वाटायला लागलं. सगळ्यांच्या मध्ये उभं राहायचं, याला त्याच्याशी भिडवायचं, कामं हातावेगळी करायची आणि शेवटी होतं तसंच, तेवढंच, न झिजता उरायचं. असं जगात कोण असतं? तिची आई तशी आहे असं लहानपणी तिला वाटायचं. आईचे दात चाळिशीत पडायला लागले, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले होते, चार बाळंतपणं झालीत ना, हाडांतलं गेलंय. आई हसून म्हणाली होती, जाऊ दे, पोरांच्याच हाडांत गेलंय ना, घरातल्या घरात. तेव्हा तो विनोद वाटला होता. मुंगीच्या वेळी तिचे केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा ती मोरीत बसून ते गोळा करत होती आणि आईचं ते ‘घरातल्या घरात’ तिच्या कानात नुसतं वाजत राहिलं होतं.

साडेतीन वाजता तिनं सुईनं वायू ओढला आणि यंत्रात सोडला. पहिलं मिनिट सपाट गेलं. दुसरंही. तिला वाटलं, सपाटच जाईल, भांड्याचाच दोष असेल, आणि ती काकांची माफी न मागता नुसतं भांडं परत देईल. चौथ्या मिनिटाला रेघ उठली. तीच पाठ, तीच उंची, केसभर इकडे नाही की तिकडे. म्हणजे भांडं नाही, ग्रीज नाही, बाहेरचं काहीच नाही. मिथेन पुडीतून येत होता.

पुडीतून म्हणजे कशातून, हे तिला त्याच क्षणी कळलं. ते तिला आठ महिने माहीत असावं आणि तिनं स्वतःला विचारलं नसावं, इतकं ते पटकन कळलं. ही पूड बनवताना कण फार लहान ठेवावे लागतात, केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत एवढे लहान. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक कणाला तेलकट आम्लाचा पापुद्रा चढवतात. कण तयार झाले की तो पापुद्रा धुऊन काढायचा: अल्कोहोल घालायचं, हलवायचं, यंत्रात गरगरा फिरवून पूड तळाशी बसवायची, वरचं गढूळ अल्कोहोल ओतून द्यायचं. एका धुण्याला अर्धा तास. मुंगी पोटात होती तेव्हा ती सात वेळा धुवायची. तेव्हाचे उंचवटे इतके बुटके असत की सर चष्मा कपाळावर ढकलून विचारत, हा उंचवटा आहे की माशी बसलीय? बाळंतपणाच्या रजेवरून ती परत आली आणि सातची तीन धुणी झाली. तीन झाली, कारण तिला साडेपाचला निघायचं असायचं. साडेपाचला निघालं की सव्वासहाला घर, घरी मुंगी दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि पाच वाजल्यापासूनच छाती दगडासारखी जड होऊन कपड्यांतून ओल यायला लागायची. साडेतीन तासांचं काम त्या दिवसात बसत नव्हतं. दीड तासाचं बसत होतं. एवढी साधी गोष्ट. आणि पहिल्याच आठवड्यात उंचवटा तीसपट झाला. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. बाळंतपणानं हात सुधारला तिचा, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते आणि सगळे हसले होते आणि तीही, लाजून, हसली होती. त्या दिवशी साडेपाचला जिना उतरताना तिला वाटलं होतं, होतं हो, दोन्ही जमतं. लोक उगाच म्हणतात.

पापुद्राही कार्बनचाच असतो. कमी धुतला तर जास्त उरतो. उन्हात पूड कार्बन डायऑक्साइडला हातही लावत नव्हती, ती आपल्याच अंगावरचा पापुद्रा जाळून मिथेन देत होती. आणि हे पकडायला एक चाचणी असते, कार्बन डायऑक्साइड न सोडता करायची, तीही तिनं केली होती. केली होती एकदाच, दोन वर्षांपूर्वी, सात वेळा धुतलेल्या पुडीची. ती सपाट आली होती. तोच सपाट आलेख लेखाला जोडला होता, आता तीनदा धुतलेल्या पुडीसाठी. कुणी विचारलं नाही. लेखात तिच्याच हातचं वाक्य होतं: ‘कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते तीनदाच धुतले.’ ते वाक्य लिहिताना मुंगी मांडीवर झोपली होती आणि एका हातानं टाइप करावं लागत होतं. सुरेख वाक्य होतं. त्यात खोटं एवढंच होतं की ते कारण नव्हतं.

सरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं असायचं आणि अर्धं उघडं म्हणजे या, पण लवकर जा. ते उद्याची चित्रं लावत बसले होते. तिनं दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि दोन्हीत कार्बन डायऑक्साइड नव्हता एवढं सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. बराच वेळ ते कागद बघत होते. वाचायला एवढा वेळ लागण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला बोललीस? ती म्हणाली, कुणालाच नाही, भांडं मागायला काचकाकांकडे गेले होते तेवढंच. सर म्हणाले, उद्याचा एक दिवस जाऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बसू, सावकाश बघू. झाकली मूठ आहे तोवर बरी. आवाज चढलेला नव्हता, उलट आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा मऊ होता, आणि तो मऊपणाच तिला सोसवेना. मग कागद स्वतःकडे ओढत ते म्हणाले, पण मला एक सांग, सातची तीन केलीस तेव्हा काही विचार केला असशील ना? चिकटतात म्हणून केलीस ना?

तिच्या पुढ्यात ते वाक्य तयार होतं, तोंडात घालून दिल्यासारखं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं तर ती शास्त्रज्ञाची चूक होती, अंदाज चुकला, कुणाचाही चुकतो. दुसरं सांगितलं तर ती कसली चूक होती याला नावच नव्हतं, किंवा नाव होतं आणि ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, ‘तरी म्हटलंच होतं’ असल्या सुरातलं. आणि त्या नावाच्या आत कुठेतरी कान झाकणारी टोपी घातलेली सव्वा वर्षाची एक मुलगी बसली होती. तिच्यावर हे जाऊ द्यायचं नव्हतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “सात धुण्यांना साडेतीन तास लागतात. मला साडेपाचला घरी जायचं असायचं. म्हणून तीन केली. कारण नंतर शोधलं.”

सरांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर वाहनतळावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणालात, हात सुधारला.”

ते हसले नाहीत. चष्मा खाली ओढून त्यांनी उद्याच्या चित्रांतलं एक चित्र काढून टाकलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येकासाठी स्वतंत्र वेळ घेतला. मग म्हणाले, समितीला दाखवायला आता काय उरलंय माहितेय? माझं तोंड. तुझ्या जागेबद्दल मी काही शब्द देऊ शकत नाही, देणारही नाही. सात वेळा धुतलेली पूड उद्या सकाळी तयार असेल? रात्रभर वाळावी लागेल. दोन्ही पुडी शेजारी शेजारी दाखवू, जे होईल ते होईल. तिनं घड्याळ बघितलं. चार वाजायला आले होते. हो, म्हणाली ती, आणि दारापर्यंत जाऊन परत आली आणि विचारलं, अर्धवट उघडं ठेवू की लावून घेऊ? लावून घे, सर म्हणाले.

ताईंना फोन करताना तिनं तीन वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, त्यांतलं एकही लागलं नाही. ताई म्हणाल्या, ये सावकाश, आणि ठेवून दिला. मग न धुतलेली पूड काढून ती धूत बसली. अल्कोहोल, हलवणं, यंत्राचं झाकण, वीस मिनिटं घरघर, ओतणं. पहिल्या धुण्याचं पाणी दुधाळ आलं. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्या धुण्याला इतके महिने ती थांबायची. आज बघितलं तर नळीत अजून ढगाळ होतं, तिनं रोज ओतून देताना हे ढगाळ बघितलेलं होतं. पाच वाजता छाती जड झाली. साडेपाचला मैत्रिणी, शेजारच्या खोलीतल्या, पिशव्या खांद्याला लावून दारात डोकावल्या, आज थांबलीस, म्हणाल्या, आणि गेल्या. चौथं धुणं. तिला मुंगी दाराशी दिसत होती. जमिनीवर फतकल मारून बसलेली, एक मोजा ओढून काढलेला, दाराच्या फटीतल्या उजेडाकडे बघत असलेली. पाचव्या धुण्याला ती दारावर हात आपटायला लागली. सहाव्याला रडून रडून तिला उचकी लागली होती, आणि इथे ती नळी उजेडात धरून बघत होती की निवळ आलं का, तर नाही, अजून धुरकट. आपण असं काय केलंय, तिला वाटलं, कुणाचं काय चोरलंय. तिकडचं चोरून इकडे आणि इकडचं चोरून तिकडे, आणि दोन्हीकडे साव. सातव्या धुण्याला वरचं अल्कोहोल पाण्यासारखं निघालं. खाली पूड बसली होती, निस्तेज, तेलाची चकाकी गेलेली, थोडी गाठीगाठींची; कण चिकटले होतेच. लेखातलं वाक्य तेवढ्यापुरतं खरं होतं. उद्या तिच्यातून उंचवटा येईल, की माशी बसेल, की काहीच येणार नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे न माहीत असणं तिला जुन्या ओळखीचं वाटलं, नोकरीच्या पहिल्या वर्षासारखं. तिनं पूड वाळत ठेवली, वहीत ‘सात’ लिहिलं आणि निघाली.

घरी पोचली तेव्हा सव्वाआठ झाले होते. जिन्यात रडण्याचा आवाज येतो का म्हणून ती मध्येच थांबली. येत नव्हता. रडून झोपली असेल. ओढणी ओली झाली होती, ती पिशवीनं झाकून तिनं दार उघडलं. स्वयंपाकघरात मुंगी जमिनीवर बसून वाटीतला भात एकेक शीत बोटानं उचलून खात होती, फार कामात असल्यासारखी. तिनं वर बघितलं, ओळखलं, एकदा मोठ्ठं हसली आणि पुन्हा वाटीत डोकं घातलं. नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता, तो म्हणाला, आलीस? जेवण झाकून ठेवलंय. ती तिथेच, चपला पायात असतानाच, ताईंना विचारायला लागली, फार रडली का, साडेपाचला दाराशी बसली असेल ना, मग कशी समजूत काढलीत. ताई ओट्याला टेकून चहा पीत होत्या. त्यांना प्रश्न कळायलाच जरा वेळ लागला.

“दाराशी? छे गं,” त्या म्हणाल्या. “पाचपासून ती रोज झोपलेलीच असते. जिन्यात तुझा आवाज आला की उठते आणि दाराशी येते. आज निवांत झोपली, सातला उठली, मजेत आहे. तू का एवढी घाबरीघुबरी?”

तिनं चपला काढल्या. एक सरळ ठेवली, दुसरी सरळ ठेवली. रोज. म्हणजे हे सगळे महिने. साडेपाचची घाई या घरात कुणालाच नव्हती. सगळ्यांना उशीर चालला असता, पूड सात वेळा धुतली असती, कुणाला उचक्या लागल्या नसत्या. तिला हसू यायला लागलं आणि त्या हसण्यात काहीतरी तुटल्यासारखं दुखलंही. कारण तिच्याशिवाय कुणाचंही अडलं नव्हतं आणि तिलाच तेवढं एकटीला, रोज, जिना धावत उतरावंसं वाटलं होतं. पोरीवर दोष आला नव्हता. आता ते सगळं तिचं स्वतःचंच होतं, जसंच्या तसं, आणि ते कुणाकडे द्यावं असं तिला वाटेना. मुंगी वाटी सोडून रांगत आली आणि भाताळलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवून उभी राहिली. तिनं तिला उचललं. छातीशी घेतल्याबरोबर दोघींनाही बरं वाटलं, ते कुणाला आधी वाटलं हे सांगता आलं नसतं.

“उद्याही उशीर का?” ताईंनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली, आणि सवयीनं पुढे कारण सांगायला तिनं तोंड उघडलं. ताई कप विसळायला वळल्या होत्या, नवरा घडीचा कोपरा जुळवत होता, कुणीच कारणाची वाट बघत नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि पोरीला घेऊन बसली.